विक्रम गप्प का बसत नाही?

‘चांदोबा’ हे मुलांचं मासिक वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला एक कोडं हमखास पडलेलं असतं. मध्यरात्र, स्मशान, झाडाला लोंबकळणारं प्रेत. राजा विक्रमादित्य झाडावर चढतो, प्रेत खाली उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि मुकाट्यानं चालू लागतो. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत एक गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, अशी धमकीही देतो. राजा उत्तर देतो. मौन मोडताच वेताळ प्रेतासह निसटतो आणि पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो. पुढच्या अंकात सगळं पहिल्यापासून तसंच.

एवढा शहाणा राजा, आणि इतक्या खेपा घालूनही तोंड मिटून चालायला शिकत नाही?

‘नाहीतर डोक्याची शकलं होतील म्हणून’ हे उत्तर आपल्याला पाठ असतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. राजाला धोका नक्की कशापासून आहे, वेताळापासून की स्वतःच्याच बुद्धीपासून, हे त्यातून कळत नाही. शिवाय हा फेरा थांबतो कसा, हेही कळत नाही, कारण मद्रासहून येणाऱ्या ‘चांदोबा’त तो कधी थांबलाच नाही. मूळ गोष्टीत तो थांबतो, आणि का थांबतो हे समजलं की राजा का बोलत होता हेही उलगडतं.

राजा मुळात पैठणचा

वेताळाच्या गोष्टींचं सर्वांत प्रसिद्ध संस्कृत रूप ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं तो राणी सूर्यवतीसाठी रचला. १८ लंबक (म्हणजे भाग) आणि १२४ तरंग (म्हणजे अध्याय) एवढा त्याचा पसारा. त्यातल्या बाराव्या लंबकात हा राजा भेटतो. तिथं त्याचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. पुढच्या परंपरेत तो उज्जयिनीचा विक्रमादित्य झाला आणि तेच नाव टिकलं.

मराठीत या गोष्टी फार लवकर छापल्या गेल्या. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० ची, म्हणजे मराठी छापील पुस्तकांच्या अगदी पहिल्या पिढीतली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची मालिका आली आणि ज्यांच्या घरी ‘चांदोबा’ येत नव्हता त्यांनाही राजा-वेताळ ओळखीचे झाले.

चौकट : मूळ गोष्ट थोडक्यात

क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते कोषाध्यक्षाकडे सोपवतो. वर्षानुवर्षं हे चालतं. एक दिवस राजा ते फळ पाळलेल्या माकडाला देतो, माकड ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. कोठारात पाहिलं तर कुजलेल्या फळांत रत्नांचा ढीग. एवढ्या उपकाराच्या बदल्यात भिक्षूला एका विधीसाठी वीरपुरुष हवा असतो. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री राजा स्मशानात जातो. भिक्षू त्याला दक्षिणेकडच्या शिंशपेच्या झाडावरचं प्रेत आणायला धाडतो. प्रेतात वेताळ आहे. तो २४ गोष्टी सांगतो. राजा २३ प्रश्नांची उत्तरं देतो, चोविसाव्याला गप्प राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की भिक्षू तुझाच बळी देणार आहे, आणि त्यातून सुटण्याची युक्तीही देतो. ही सगळी हकिगत मिळून पंचविसावी गोष्ट.

अटीची रचना

पहिल्या खेपेला वेताळानं अजून अट घातलेली नसते. राजा दोर कापतो, प्रेत खाली पडून विव्हळतं. जिवंत माणूस असेल म्हणून राजा कळवळून अंग चोळतो, तर प्रेत खदखदून हसतं. हसतोस काय, चल, एवढंच राजा म्हणतो आणि प्रेत पुन्हा झाडावर जातं. बोललं की हातचं जातं, हा वाटेचा नियम राजाला असा कळतो. पुढच्या खेपेपासून वेताळ त्यावर स्वतःचा नियम चढवतो : उत्तर माहीत असून बोलला नाहीस, तर डोक्याची शंभर शकलं होतील.

आता हे दोन नियम एकत्र ठेवून पाहा. माहीत असून बोलला, तर वेताळ निसटतो. माहीत असून गप्प राहिला, तर मरतो. माहीतच नसलं आणि गप्प राहिला, तरच प्रेत खांद्यावर टिकतं. माहीत नसताना काहीतरी ठोकून देण्याची चौथी वाटही आहे. पण या राजाच्या स्वभावात ती बसत नाही, म्हणून गोष्ट तिचा विचारही करत नाही.

म्हणजे जिंकण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो उत्तर न येण्याचा आहे. स्मशानात एकट्यानं जाण्याचं धैर्य, झाडावर चढणारं अंग, प्रेत पेलणारा खांदा हे सगळं राजाला कामाला येतं. आड येते ती फक्त त्याची न्यायबुद्धी, ज्या गुणासाठी तो राजा म्हणून ओळखला जातो तोच गुण.

१९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेचाचं वर्णन मानसशास्त्रात केलं. माणसावर दोन परस्परविरोधी हुकूम येतात, कुठलाही पाळला तरी शिक्षा होते आणि तिथून उठून जायचीही सोय नसते. मराठीत आपण याला दुहेरी कोंडी म्हणू. मनोविकार या कोंडीमुळे होतात हा बेटसन यांचा तर्क पुढे टिकला नाही. कोंडीचं वर्णन मात्र टिकलं. आपली गोष्ट त्यांच्या कितीतरी शतकं आधीची आहे आणि तिनं या कोंडीतून बाहेर पडायची एक वाटही ठेवली आहे.

ती वाट समजायला घरातला कुकर डोळ्यांसमोर आणावा. कोंडलेली वाफच डाळ शिजवते, आणि तीच वाफ धोक्याचीही असते. ती बाहेर पडायची वाटच बुजवली तर कुकर फुटेल. घाई करून सगळी वाफ सोडून दिली तर डाळ कच्ची राहील. आच संपून दाब आपोआप उतरला, की झाकण अलगद निघतं. राजाचं ज्ञान ही ती वाफ. धमकी वेताळ देतो, पण डोक्यात चढणारा दाब वेताळाचा नसतो, राजाच्या स्वतःच्या जाणतेपणाचा असतो. २३ वेळा तो दाब उत्तराच्या वाटेनं बाहेर पडतो. चोविसाव्या वेळी दाब तयारच होत नाही.

डोकं फुटण्याची शिक्षा कुठून आली?

ही धमकी वेताळानं मनानं काढलेली नाही. महाभारताच्या सभापर्वात तिचा जुना माग लागतो, आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धागा वाटतो.

द्यूतसभेत द्रौपदी आपला प्रश्न विचारते. स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? सभेत जाणते बसलेले असतात आणि त्या जाणत्यांपैकी कोणीही सरळ उत्तर देत नाही. तेव्हा विदुर त्यांना एक जुनी हकिगत सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून पैज लागते, तीही प्राणांची. निवाडा प्रल्हादाकडे येतो. एका बाजूला पोटचा मुलगा, दुसऱ्या बाजूला न्याय. सुधन्वा प्रल्हादाला बजावतो की तू खोटं बोललास, किंवा काहीच बोलला नाहीस, तर इंद्र वज्रानं तुझ्या मस्तकाचे शंभर तुकडे करील. प्रल्हाद हादरतो, कश्यपाचा सल्ला घेतो आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध निकाल देतो.

शिक्षा तीच आहे, शंभर तुकडेही तेच आहेत, आणि ती न्यायाधीशासाठी आहे. निवाडा माहीत असताना गप्प बसणं हा गुन्हा, आणि तो निवाडा करणाऱ्याच्याच डोक्यावर फुटतो, अशी ही जुनी धारणा. त्या नजरेनं पाहिलं की विक्रमाचं बोलणं वेगळं दिसू लागतं. तो मोहानं बोलत नाही, हुशारी मिरवायला तर नाहीच. समोर वाद आला आणि निवाडा सुचला, तर तो सांगणं हे राजाचं काम आहे. स्मशान असो की दरबार, खांद्यावर प्रेत असो की डोक्यावर मुकुट, त्यानं काही फरक पडत नाही. भीष्म-द्रोण ज्या जागी गप्प बसले, त्या जागी हा राजा एका रात्रीत २३ वेळा बोलतो.

आणि बोलतो तेही निर्भीडपणे. पहिल्याच गोष्टीत एका तरुणीच्या आईवडिलांच्या मृत्यूचं पाप कोणाचं, असा प्रश्न आहे. राजपुत्र, त्याचा मित्र, ती तरुणी असे तिघे डोळ्यांसमोर असतात. त्रिविक्रमसेन तिघांनाही सोडतो आणि दोष देतो त्या नगरच्या राजाला, कारण त्यानं चौकशी न करता शिक्षा दिली. राजाचा पहिला निकाल राजाच्याच विरुद्ध जातो.

सिंहाला जीव देणारा

वेताळाच्या गोष्टींत राजाला स्वतःचंच चित्र दिसावं असे प्रसंग पेरलेले आहेत. चार भावांची गोष्ट घ्या. चौघे वेगवेगळ्या विद्या शिकून येतात. रानात एक हाड सापडतं. पहिला त्यावर मांस चढवतो, दुसरा कातडी आणि केस, तिसरा अवयव पूर्ण करतो, चौथा प्राण घालतो. हाड सिंहाचं असतं. सिंह उठतो आणि चौघांना मारतो. वेताळ विचारतो, दोषी कोण? राजा म्हणतो, ज्यानं प्राण घातले तो. आधीच्या तिघांना आपण काय घडवतोय हे कळलेलं नव्हतं. चौथ्याच्या समोर अख्खा सिंह होता, आणि तरीही आपली विद्या दाखवण्यासाठी त्यानं तो जिवंत केला.

अंगात शक्ती आहे म्हणून ती वापरायचीच, की समोर काय आहे ते पाहून थांबायचं, हा प्रश्न राजा दुसऱ्याबाबत झटकन सोडवतो. स्वतः मात्र त्याच क्षणी उत्तर देण्याची शक्ती वापरत असतो आणि त्या वापरानंच हरतो.

इतर प्रश्नही असेच अवघड जागी बोट ठेवणारे आहेत. शिरांची अदलाबदल झालेल्या दोन पुरुषांपैकी बाईचा नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याला नवऱ्याचं शिर आहे तो, कारण अवयवांत शिर मुख्य. याच गोष्टीवरून जर्मन लेखक थॉमस मान यांनी १९४० मध्ये कादंबरी लिहिली आणि पुढे गिरीश कार्नाड यांनी ‘हयवदन’ नाटक. राजाचं उत्तर दोघांनाही पुरेसं वाटलं नाही, म्हणून तर त्या कलाकृती जन्मल्या.

खांद्यावर नेमकं कोण आहे?

जर्मन भारतविद्यावंत हाइनरिख त्सिमर यांनी या गोष्टीचा मानसशास्त्रीय अर्थ लावला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४८ मध्ये, तो पुस्तकरूपानं आला. त्यांच्या मते राजा वाहतोय ते प्रेत म्हणजे त्याच्याच आयुष्यातलं विसरलेलं, न पाहिलेलं असं काही आहे. रोजच्या फळातली रत्नं त्यानं वर्षानुवर्षं न पाहताच कोठारात टाकली, त्या बेफिकिरीचं देणं त्याला आता खांद्यावरून फेडायचं आहे. वेताळाचा आवाज बाहेरून येत असला तरी तो आतला आवाज आहे.

हे वाचन मला पटतं, पण कोकणातल्या माणसाला त्यासाठी त्सिमर यांच्याकडे जावं लागत नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा पाहिला की पुरे. तिथं वेताळ हा गावाचा राखणदार आहे. तो रात्री गावभर फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. गोव्यातही लोलये, आमोणे अशा गावांत बेताळ हा देव आहे. ज्या शक्तीची भीती वाटावी तिलाच वेशीवर उभं करून तिच्याकडून रक्षण करून घ्यायचं, हा व्यवहार तिथं पिढ्यान्पिढ्या चालू आहे. विक्रमाच्या गोष्टीतही शेवटी हेच घडतं. रात्रभर हैराण करणारा वेताळच त्याचा जीव वाचवतो, आणि गोड फळं देणारा भिक्षू जिवावर उठलेला निघतो.

वडपळनीत फेरा गोल झाला

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी ही तेलुगू चित्रपटसृष्टीतली मोठी जोडी. ‘मायाबझार’ हा १९५७ चा चित्रपट त्यांच्याच विजया संस्थेचा. या दोघांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासमध्ये मुलांचं मासिक सुरू केलं, तेलुगूत ‘चंदमामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये आला. वडपळनी भागातल्या चंदमामा बिल्डिंग्जमध्ये मजकूर आधी तेलुगूत तयार व्हायचा, मग तो इतर भाषांत जायचा. चित्रं सगळीकडे तीच. कोडवटिगंटि कुटुंबराव या नामवंत तेलुगू लेखकानं १९८० मध्ये निधन होईपर्यंत संपादनाची धुरा वाहिली. म्हणजे पैठणचा राजा काश्मीरच्या संस्कृतातून, मद्रासच्या तेलुगूतून फिरून मराठी घरात परत आला.

त्याला चेहरा दिला शंकर यांनी. के. सी. शिवशंकरन हे त्यांचं पूर्ण नाव, जन्म १९२४. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत त्यांचं शिक्षण झालं, तेव्हा तिथं देवीप्रसाद रायचौधुरी प्राचार्य होते; मरीना किनाऱ्यावरचं श्रमिकांचं शिल्प त्यांचंच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शंकर मासिकात आले आणि सहा दशकांच्या आसपास तिथंच चितारत राहिले. २०२० मध्ये ते गेले, २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांचं विक्रमाचं चित्र आठवून पाहा. पुढं पडलेलं पाऊल, खांद्यावर लोंबकळणारं प्रेत, आणि हातात उपसलेली तलवार. त्या वाटेवर तलवारीचा काडीचा उपयोग नाही. राजाही ती म्यान करत नाही. बळ कुठं आहे आणि धोका कुठं आहे याची गल्लत त्या एका हातात शंकर यांनी अचूक पकडली आहे.

आता मासिकाची अडचण अशी की २५ गोष्टी दोन वर्षांत संपतात. मद्रासच्या लेखकांनी त्यावर साधा उपाय केला. सुरुवातीचा आणि शेवटचा परिच्छेद कायम ठेवला, मधली गोष्ट दर महिन्याला नवी घातली आणि चोविसावा प्रश्न काढून टाकला. प्रश्नांची जातही थोडी बदलली. संस्कृतात वेताळ बहुधा विचारतो की दोष कोणाचा, थोर कोण, हक्क कोणाचा. ‘चांदोबा’त तो बऱ्याचदा विचारायचा की अमुक माणूस असा विसंगत का वागला, मिळालेलं राज्य त्यानं का नाकारलं? निवाड्याच्या जागी स्वभावाची उकल आली. मुलांसाठी हा बदल चांगलाच होता, कारण माणसं वरवर दिसतात त्यापलीकडे वाचायची सवय त्यातून लागली.

पण चोविसावा प्रश्न गेल्यानं राजाचा फेरा नुसता हट्ट होऊन बसला. मुंबईच्या जिओडेसिक कंपनीनं २००७ मध्ये ‘चंदमामा’ विकत घेतलं, २०१३ च्या सुमारास मासिक बंद पडलं, आणि विक्रम अजून वाटेतच आहे.

काका की मामा?

तो गाळलेला प्रश्न असा. दक्षिणेतल्या एका राज्यावर संकट येतं. राजा मारला जातो, राणी आणि तिची मुलगी रानात पळतात. चंडसिंह नावाचा सरदार आणि त्याचा मुलगा शिकारीला आलेले असतात. त्यांना दोन स्त्रियांची पावलं उमटलेली दिसतात, एक जोडी मोठी, एक लहान. ते आपसात ठरवतात की मोठ्या पावलांची असेल ती आई, ती बापाची बायको. लहान पावलांची ती मुलगी, ती मुलाची. गाठ पडते तेव्हा कळतं की मुलीची पावलं मोठी आणि आईची लहान आहेत. शब्द दिलेला. बाप मुलीशी लग्न करतो, मुलगा आईशी. दोन्ही जोडप्यांना मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय?

सोडवून पाहा. बापाचा नवा मुलगा हा थोरल्या मुलाचा भाऊ, म्हणून थोरल्याच्या मुलाचा तो काका. पण थोरल्याचा मुलगा हा त्या तरुणीच्या आईच्या पोटचा, म्हणजे तिचा भाऊ, म्हणून तिच्या मुलाचा तो मामा. एकजण दुसऱ्याचा काका आणि दुसरा पहिल्याचा मामा. दोघंही एकमेकांपेक्षा एक पिढी वडील. आणखी पुढं गेलात तर आजोबा, नातू, मेव्हणे सगळे एकमेकांत मिसळतात.

आतापर्यंतचे प्रश्न कितीही अवघड असले तरी निवाडा मागणारे होते. एक बाजू घ्यायची, कारण सांगायचं. इथं प्रत्येक उत्तर बरोबर आहे आणि कुठलंच पुरेसं नाही. न्यायबुद्धीला पकडायला जागाच उरत नाही. राजा विचार करतो, उत्तर सुचत नाही, तो गप्प चालत राहतो. डोकं फुटत नाही, कारण लपवलेलं काहीच नाही. त्याचं पहिलं खरं मौन ते हेच.

वेताळ खूश होतो. हा राजा जाणतो तेव्हा बोलतो आणि जाणत नाही तेव्हा बोलत नाही, याची त्याला खात्री पटलेली असते. अशा माणसाला वाचवायला हवं. म्हणून तो युक्ती देतो : भिक्षू साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण की मी राजा आहे, मला नमस्कार घेणं ठाऊक आहे, घालणं नाही, तू करून दाखव. भिक्षू वाकतो आणि अख्ख्या रात्रीत पहिल्यांदा तलवारीचं काम निघतं. या युक्तीतही ‘मला माहीत नाही’ असंच राजाला म्हणायचं आहे. जो माणूस २३ वेळा जाणतेपणानं अडला, तो शेवटी नेणतेपणा कबूल करून सुटतो.

सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ मराठीत आलेला आहे. ‘चांदोबा’नं अर्धी ठेवलेली गोष्ट पुरी करायची असेल तर वेताळाचा भाग तिथं जरूर वाचा. घरात मुलं असतील तर त्यांना वाचून दाखवा, आणि वेताळानं प्रश्न टाकला की पुस्तक मिटून आधी त्यांचं उत्तर ऐका.